नोंदण्याजोगं काही नाही

३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पार्सल मिळालं. उशांचे अभ्रे छान झालेत, शिवण सरळ आहे. एकाच्या कोपऱ्यात दोरा सुटला होता, तो मी कापला. तुला राग येणार, पण मी तपासनीस आहे. मला आधी कोपरेच दिसतात.

इकडे सगळं ठीक. भाऊजींचा गुडघा कसा आहे? पिल्लूचा पुढचा दात आला की अजून शिट्टी वाजवतच बोलते? सासूबाईंना नमस्कार सांग. मी आजारी असताना त्यांनी एवढे महिने तुझं घर आणि तुझी मुलगी सांभाळली, हे मी विसरलेले नाही, असंही सांग. मला तोंडावर सांगता येत नाही.

तू विचारतेस, फोन उचलत का नाहीस, आणि उचललास तर दोन वाक्यांत का आटपतेस. खरं सांगू? तू 'बरी आहेस ना?' विचारतेस आणि माझ्या तोंडातून 'हो' पडतं, नळ सोडल्यासारखं. तो नळ कुठून भरतो मलाच माहीत नाही. कागदावर निदान दुसरं वाक्य लिहावं लागतं. म्हणून पत्र.

केस आता कानाखाली आलेत. आधी सरळ होते, आता कुरळे उगवलेत. कारखान्यात टाक्यांचा रंग तपासणारी माझी मैत्रीण आहे ना, जिला सगळे रंगाबाई म्हणतात, ती म्हणाली, "लोक यासाठी पार्लरमध्ये पैसे मोजतात, तुला फुकटात झालं!" मग तिनेच जीभ चावली. मी हसले. मी आता वेळेवर हसते. तेवढं जमायला लागलंय.

कामावर पूर्ण वेळ जाते आहे. तू अजून लोकांना 'धाकटी वेल्डिंग करते' असं सांगतेस असं भाऊजी म्हणाले, म्हणून एकदाच नीट लिहिते. वेल्डिंग दुसरे करतात. आमच्याकडे दाबाच्या टाक्या बनतात. दोन पत्रे जोडले की सांधा वरून गुळगुळीत दिसतो. आत भेग राहिली असेल तर डोळ्यांना कळत नाही, आणि टाकी भरल्यावर कळून उपयोग नसतो. मी सांध्यावर जेल लावते आणि काडेपेटीएवढा प्रोब फिरवते. आवाज आत जातो, कुठे अडला तर परत येतो, आणि पडद्यावर सुळका उठतो. पिल्लूच्या वेळी तुझी सोनोग्राफी झाली होती, तसंच. फक्त बाळाऐवजी लोखंड.

यात एक शिस्त आहे. 'दोष नाही' असं आम्ही कधी लिहीत नाही. आम्ही लिहितो, 'नोंदण्याजोगं काही आढळलं नाही.' म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या वर काही दिसलं नाही. मर्यादेच्या खाली काय आहे, त्याबद्दल आम्ही तोंड उघडत नाही.

उपचार संपल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या रिपोर्टवर जवळजवळ हेच वाक्य होतं. तू जिना उतरता उतरता रडलीस. भाऊजींनी फाटकापाशीच उभं राहून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले, आणि मधेच कुणाशी तरी भांडलेसुद्धा, आठवतं? मी ते वाक्य वाचत उभी होते. तसलं वाक्य मी रोज लिहिते, ताई. त्यात काय काय मावतं ते मला माहीत आहे.

असो. पुढची तपासणी याच महिन्यात आहे. मान बघतील, रक्त घेतील, सोनोग्राफी करतील. नेहमीचंच. तू येऊ नकोस. तुझ्याकडे कपडे शिवायला येऊन पडलेत, लोक दारात उभे असतील. निळा शर्ट शिवायचाच म्हणतेस तर शिव, पण 'येते आणि माप घेते' याची गरज नाही. मापं देते: खांदा साडेचौदा, छाती चौतीस, बाही बावीस, उंची सव्वीस. टेप धरायला रंगाबाई होती, त्यामुळे चूक नसेल.

तुझी,
कंपासपेटी
(नाव तूच ठेवलंस. आता निस्तर.)


२२ सप्टेंबर

प्रिय ताई,

'गळ्याचं माप राहिलं' असं लिहिलंस. राहू दे. बिनकॉलरचा शिव.

हॉस्पिटलला जाऊन आले. गर्दी होती. डॉक्टर काही म्हणाले नाहीत. तेव्हा तू आता जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

कारखान्यात मात्र एक भानगड झाली. तुला कुठून तरी कळेलच, म्हणून मीच लिहिते.

आमच्याकडे एक जुने वेल्डर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, साहेबसुद्धा. त्यांच्या हाताबद्दल कुणी शंका घेत नाही. या महिन्यात मी त्यांचे सांधे लागोपाठ नापास केले. नापास म्हणजे सांधा घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा. मामांनी पहिला मुकाट्याने भरला. दुसऱ्याला म्हणाले, "असेल बाई, माणूस आहे." तिसऱ्याला त्यांनी तोंडावरची काच वर केली आणि थेट साहेबांकडे गेले.

साहेब म्हणाले, कापून बघू. म्हणजे खरोखर कापून, आडवा छेद घेऊन. आमच्यात हा शेवटचा न्याय. सगळे जमले. छेद घासला, भेग उठून दिसावी म्हणून त्यावर औषध लावलं. आत स्वच्छ होतं.

"बघा बाई," मामा म्हणाले. "चांगलं वाकून बघा. कुठं आहे तुमची भेग?"

"मला सुळका दिसला होता."

"सुळका दिसला होता! उद्या भूत दिसेल. मग काय, मांत्रिक बोलवायचा का वेल्डिंगला?"

लोक हसले. मामा हसले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. हातमोजे काढत म्हणाले, "आजारपणाआधी तुम्ही पास म्हटलं की मी मागं वळून बघायचो नाही." आणि गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. समोर आले तर माझ्या मागच्या भिंतीकडे बघून मान हलवतात.

काय झालं होतं ते मला कळलंय. मी यंत्राची संवेदनशीलता वाढवून ठेवली होती. थोडी थोडी, रोज. तेवढी वाढवली की कुठल्याही चांगल्या लोखंडात पडद्यावर गवत उगवलेलं दिसतं. आणि गवतात साप शोधायला बसलं की साप सापडतोच.

साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं. मग म्हणाले, काही दिवस रंगाकडे बसा, रंगाची जाडी मोजा, डोक्याला शांतता. माझी सही सध्या चालणार नाही. ते हे इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मीच त्यांना 'काही हरकत नाही' म्हणून धीर दिला.

रंगाची जाडी कुणीही मोजू शकतं, ताई. यंत्र टेकवायचं, आकडा वाचायचा. रंगाबाईला हे सांगितलं तर ती मला रंगाच्या टाकीत बुडवेल.

तिच्या शेजारीच बसते आहे. ती दिवसभर बोलते, मी आकडे लिहिते. बरं चाललंय. गेल्या आठवड्यात थोडी कणकण होती, पण थर्मामीटर दोन आहेत आणि दोन्ही नॉर्मल दाखवत होते. दुसरा का घेतला असं विचारू नकोस.

पिल्लूने काढलेलं चित्र मिळालं. त्यात मला केस नाहीत. मी पत्र्याच्या कपाटावर लावलंय. तिला म्हणावं, मावशीला आता केस आहेत, नवीन काढ.

तुझी,
कंपासपेटी


९ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, हॉस्पिटलला जाऊन आले आणि डॉक्टर काही म्हणाले नाहीत. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी गेले आणि आले. डॉक्टर काही म्हणाले नाहीत, कारण मी त्यांच्यासमोर गेलेच नाही.

मी बाहेर बाकावर बसले होते. त्या हिरव्या भिंतीच्या व्हरांड्यात, तू जिथे बसून लोकांच्या बायकांना ब्लाउजची कटिंग समजावायचीस तिथेच. काउंटरवरच्या मुलीने माझं नाव पुकारलं. मी हात वर केला नाही. तिने पुन्हा पुकारलं. मग ती उभी राहून म्हणाली, "आल्यात का त्या?" सगळे इकडेतिकडे बघायला लागले.

मीही बघितलं. मान वळवून, सगळ्यांबरोबर, त्या कुठे आहेत म्हणून.

शेजारची बाई मला म्हणाली, "बरोबर कुणी नसलं की असंच होतं, जातात कंटाळून." मी म्हटलं, "हो ना." मग पुढचं नाव पुकारलं. थोडा वेळ बसून मी निघाले. व्हरांड्यात माझे पाय अगदी व्यवस्थित चालत होते. चक्कर नाही, रडू नाही. बस पकडली, कामावर गेले.

आता का ते लिहायला हवं. मी हे वाक्य लिहून इतका वेळ थांबले की चहावर साय आली.

ऑगस्टपासून मी जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत जाऊन प्रोब स्वतःच्या मानेवर लावत होते.

लोखंडाचा प्रोब. मला माहीत आहे तो माणसासाठी नाही. त्याचा आवाज, त्याचा पडदा, सगळंच वेगळं. मी यंत्रात लोखंडाऐवजी पाण्यातल्या आवाजाचा वेग घातला, कारण माणूस बहुतेक पाणीच असतो. हे करताना मला हुशार वाटलं होतं. डाव्या बाजूला, मागच्या वेळी गाठ होती तिच्या जरा खाली, सुळका आला. उजवीकडे तेवढा येईना. दुसऱ्या दिवशीही आला. मग मी रोज बघायला लागले. आमच्यात नवशिक्यालाही सांगतात की कुठलाही सुळका वाचण्याआधी चांगल्या तुकड्यावर यंत्र लावून बघायचं, म्हणजे चांगलं कसं दिसतं ते कळतं. माझ्याकडे चांगल्या मानेचा नमुना नव्हता.

तो मी मिळवला. रंगाकडे बदली झाल्यावर यंत्राच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली होती. एका दुपारी रंगाबाईला सामानाच्या खोलीत नेलं.

"अगं, गार आहे! काय चोपडतेस?"

"हलू नकोस."

"मी काय पाइप आहे? मग सही-शिक्काही मार कपाळावर."

"बोलू नकोस, पडदा हलतो."

ती गप्प बसली. ती गप्प बसते हे मी पहिल्यांदाच बघितलं. आणि तिच्याही मानेत, डावीकडेच, सुळका आला.

ताई, शहाण्या माणसाला इथे हसू आलं असतं. दोन माणसांत एकाच जागी एकच गोष्ट दिसली, तर ती प्रत्येकात असणारी काहीतरी आहे, हे शाळेतलं पोर सांगेल. मला वाटलं, हिलाही आहे.

मी दोन दिवस तिच्या डब्यात वाटेकरी झाले नाही, तिच्या डोळ्यांकडे बघू शकले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "एकदा मान दाखवून घे." ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. आजारातून उठलेल्या बाईने असं सांगितल्यावर कोण हसेल? तिचा नवरा दूरच्या साइटवर असतो, घरी ती, तिची आई आणि लहान मुलगा. आठवडाभर ती कामावर आली नाही.

सोमवारी आली. पिशवी टेबलावर आपटली.

"तुझ्या त्या लोखंडाच्या खेळण्यापायी माझ्या आईने अन्न सोडलं. मी पोराला कुशीत घेऊन रडले. आणि निघालं काय? रक्ताची नळी! सगळ्यांना असते! डॉक्टर हसला माझ्यावर."

"चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. तुझं काय निघालं ते सांग."

मी तिची कलंडलेली पिशवी सरळ केली.

"गेली होतीस ना तपासायला?"

"गेले होते."

"आत गेली होतीस?"

तिला कसं सुचलं कोण जाणे. मी आकडे लिहायला लागले. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाली, "अगं बाई. म्हणजे मला पाठवलंस, आणि स्वतः?" नंतर ती रागावली नाही. खुर्ची ओढून जवळ बसली. ती रागावलेली बरी होती.

तिची ती नळी निघाली म्हणजे माझाही सुळका नळीचाच. हे मला ती बोलत होती त्याच क्षणी समजलं. पूर्ण समजलं. आणि काहीही बदललं नाही. मला वाटलं होतं, भीती एखाद्या कारणावर उभी असते आणि कारण काढून घेतलं की पडते. तसं नाही. मी यंत्र कपाटात ठेवलं, किल्ली साहेबांना परत दिली, आणि त्याच संध्याकाळी बोटांनी चाचपायला लागले. आता जबड्याखाली वाटाण्याएवढं काहीतरी लागतं. ते आधी होतं का, की मी दाबून दाबून आणलं, हे मला सांगता येत नाही. एवढं चाचपल्यावर कुणाचीही मान सुजेल. हेही मला समजतं. मला सगळंच समजतं, हीच तर पंचाईत आहे.

गळ्याचं माप मी विसरले नव्हते. रंगाबाईने विचारलं होतं, "गळा?" मी म्हटलं, नको. पहिल्या वेळी ती गाठ तुझ्या बोटांना लागली होती. कॉलरचं माप घेताना टेप थांबली, आणि तू ती पुन्हा एकदा तिथून फिरवलीस. डॉक्टरांच्या आधी, माझ्या आधी तुला कळलं. तेव्हापासून मी तुला गळ्याला हात लावू दिला नाही. उपचार चालू असताना तू माझं डोकं पुसायचीस, पाय चोळायचीस, तेव्हाही मी पंचा गळ्याभोवती घट्ट धरून ठेवायचे. तू म्हणायचीस, थंडी वाजते का गं? मी म्हणायचे, हो.

तू येऊ नकोस असं मी दर वेळी लिहिते ते तुझ्या कामासाठी नाही. तुझ्या बोटांना मी घाबरते.

सगळे म्हणतात, संपलं ना एकदाचं, आता आनंदात राहा. मामांच्या बायकोनेसुद्धा निरोप पाठवला होता की देवाने तुम्हाला दुसरा जन्म दिला. मी कुणाला सांगू की उपचार चालू होते तेव्हा मला इतकी भीती वाटत नव्हती? तेव्हा रोज कुणीतरी सुई टोचत होतं, कुणीतरी रक्त बघत होतं. तू उलटीचं भांडं घेऊन उभी असायचीस. मी एकटी पहाऱ्यावर नव्हते. मग एके दिवशी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि आपापल्या घरी गेले. बरोबरच आहे, जायलाच हवं होतं. पण तेव्हापासून पहारा माझ्याकडे आहे आणि मला तो येत नाही. धंद्यातला पहिला नियम आहे, आपण जोडलेला सांधा आपण तपासायचा नाही. इथे तर सांधाही मी, तपासनीसही मी, आणि फुटेल ती टाकीही मीच.

रंगाबाईने माझ्याच फोनवरून हॉस्पिटलची नवी वेळ घेतली. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मागच्या वेळी आल्या नव्हत्या त्या." रंगाबाई म्हणाली, "या वेळी येतील." ती बरोबर येते म्हणाली, पण शुक्रवारी मोठ्या टाकीचा शेवटचा थर आहे, तिला सोडणार नाहीत. आणि ती आली तरी मी तिला गोड बोलून बाहेरूनच परत पाठवीन. मला ते जमतं.

मी एकटी गेले तर आत जाणार नाही. हे मी रुसून किंवा घाबरवायला लिहीत नाही. स्वतःकडे नीट बघून लिहिते. या एका बाबतीत मला माझ्या निर्णयाची खात्री आहे.

तर तू गुरुवारी संध्याकाळपर्यंत ये. दार उघडल्यावर मी म्हणेन, एवढ्या लांब कशाला आलीस. मग म्हणेन, तपासणी पुढे ढकलली आहे. कदाचित एखादं कारणही दाखवीन, आणि ते अगदी पटण्यासारखं असेल. ऐकू नकोस. सकाळी मी आंघोळीला जास्त वेळ लावीन, तेव्हा दार वाजव. बाकावर माझ्या आणि जिन्याच्या मधे बस. माझं नाव पुकारलं की तू 'आहे' म्हण, मला म्हणता येणार नाही.

तू आल्याने भीती जाईल असं मला वाटत नाही. आत काहीही निघालं, अगदी काहीच नाही निघालं, तरी पुढच्या तीन महिन्यांत मी पुन्हा इथेच येऊन बसेन, असं मला वाटतं. त्यावर काय करायचं ते मला माहीत नाही. आत्ता फक्त शुक्रवारपुरतं मागते आहे.

हे पत्र मी आत्ताच टाकून येते. घरात राहिलं तर फाडीन.

तू यावंस म्हणून वाट बघणारी, आणि तू येऊ नयेस म्हणूनही,

तुझी धाकटी